केंद्राची फिल्मपेटी

आमच्या केंद्रात अकरा शाळा होत्या. केंद्रशाळा रस्त्याच्या गावात, बाकीच्या डोंगराच्या कडेकडेनं वाड्यावस्त्यांवर. बहुतेक द्विशिक्षकी. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या या केंद्रात मी बदलून आले ते २००५ च्या आगेमागे. तेव्हा तीन शाळांत टीव्ही होते, त्यातला एक बंद, आणि सीडी प्लेअर फक्त केंद्रशाळेत. मुलांना पडद्यावर काहीतरी चांगलं दाखवावं असं वाटणारे शिक्षक मात्र जवळजवळ प्रत्येक शाळेत होते.

सर्व शिक्षा अभियानातून शैक्षणिक साहित्यासाठी शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळायचे. काय घ्यायचं ते शिक्षकानं ठरवायचं. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या एका गटसंमेलनात केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, "यंदा कुणी काय घेतलं ते वाचून दाखवा." वाचन सुरू झालं आणि पाचव्या-सहाव्या शाळेपाशीच लोक एकमेकांकडं बघायला लागले. मानवी शरीराचा तक्ता, महाराष्ट्राचा नकाशा, पाढ्यांचा तक्ता. पुढच्या शाळेत परत तेच. प्रत्येकानं मन लावून खरेदी केली होती, पण सगळ्यांची पिशवी एकच भरली होती.

मागच्या बाकावरून एक ज्येष्ठ गुरुजी उठले. म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षी ५०० तले १०० रुपये प्रत्येकानं सीडीला घालू. एकानं घेतली ती दुसऱ्यानं घ्यायची नाही. पंचवीस-तीस माणसं आहोत, पंचवीस-तीस वेगळ्या फिल्म होतील. ठेवायच्या इथं, न्यायच्या सगळ्यांनी."

पहिली अडचण कागदाची होती, आणि ती खोटी नव्हती. शाळेच्या पैशातून घेतलेली वस्तू त्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढते. तपासणीला साहेब आले आणि वस्तू कपाटात नसली तर मुख्याध्यापकाला उत्तर द्यावं लागतं. मार्ग केंद्रप्रमुखांनी काढला. सीडी ज्या शाळेची त्या शाळेच्याच डेडस्टॉकला राहील, पण शेऱ्याच्या रकान्यात ‘समूह साधन केंद्रात वापरास दिली’ असं लिहायचं आणि केंद्रशाळेच्या मुख्याध्यापकांनी पोच द्यायची. मालकी ज्याची त्याची, वापर सगळ्यांचा. केंद्रप्रमुख साहेब वाचणारे होते. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात शाळासमूहाची कल्पना मांडली होती, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. एक हायस्कूल मध्ये धरून भोवतालच्या शाळा एकत्र बांधायच्या आणि जी महाग साधनं एकेका शाळेला झेपणार नाहीत ती वाटून वापरायची. चाळीस वर्षांपूर्वी कागदावर आलेली गोष्ट आम्ही पत्र्याच्या एका पेटीत उतरवायला निघालो होतो.

सहकार ही गोष्ट सातारा-सांगलीकडच्या माणसाला शिकवावी लागत नाही. प्रत्येकाच्या घरात विकास सोसायटीचा, दूध डेअरीचा, नाही तर कारखान्याचा सभासद असतोच, आणि आम्हा मास्तरांची तर स्वतःची बँक. त्यामुळं नियम ठरवताना भाषा आपोआप तीच आली. प्रत्येक शाळा सभासद. वर्गणी शिक्षकामागे, पण मत शाळेमागे एक. केंद्रशाळेत सात शिक्षक होते, तिच्या सीड्या सात झाल्या. वरच्या वस्तीवरच्या शाळेच्या दोनच. तरी पुढं काय विकत घ्यायचं हे ठरवताना दोन्ही शाळांचा हात एकदाच वर जायचा. या एका नियमानं पुष्कळ काही सांभाळलं असं मला आज वाटतं. तो नसता तर पेटीत फक्त मोठ्या शाळेला हव्या त्या स्पर्धा परीक्षांच्या सीड्या भरल्या असत्या.

अजून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटत होती, म्हणून मी ती तालुक्याला जाऊन एका वकिलांना विचारून आले. विकत घेतलेली फिल्म शाळेत दाखवलेली चालते का? त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम काढून दाखवलं. शाळेच्या कामाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढ्यांपुरती फिल्म दाखवली तर हक्काचा भंग होत नाही. कॉपी काढून वाटणं मात्र त्यात बसत नाही. म्हणून आमचा नियम झाला: तिकीट नाही, गावजेवणासारखी उघडी दवंडी नाही, आणि सीडीची नक्कल काढायची नाही. ज्यांनी स्वतःहून परवानगी दिली आहे त्यांच्या फिल्मचीच नक्कल काढायची.

अशी परवानगी मोकळ्या मनानं देणारा एक माणूस पुण्यात होता. अरविंद गुप्ता २००३ पासून आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करत होते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी, आणि ती कशी करायची याच्या एक-दोन मिनिटांच्या फिल्म, मराठीसकट कितीतरी भाषांत. घ्या, वाटा, नक्कल काढा, असं त्यांचं उघड सांगणं. या फिल्मनी आमच्या पेटीची कळा बदलली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायच्या, हे बघून एका वस्तीवरच्या मुलांनी सायकल दुकानदाराची व्हॉल्व्ह ट्यूब संपवली. तांब्याची तार, चुंबक आणि सेल यांची मोटर फिरली तेव्हा सातवीतली मुलगी मला म्हणाली, "बाई, आता ह्येला पंखा लावू." या फिल्मची खुबी अशी की बघणं दोन मिनिटांत संपतं आणि हात पुढं तासभर चालतात.

बाकीचं आम्ही मिळेल तिथून गोळा केलं. पुण्याला कुणी गेलं की अप्पा बळवंत चौकात शैक्षणिक सीड्या बघून यायचं. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट काही जणांना लहानपणापासून ठाऊक होते. १९४८ पासून ही संस्था माहितीपट काढत आली होती. मी आटपाडीकडची. आमच्या लहानपणी माहिती खात्याची गाडी गावात यायची, चावडीपुढं पांढरा पडदा लागायचा, आणि १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर घरघरायला लागायचा. ४०० फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांत संपायचं, मग दुसरं चढवेपर्यंत अंधारात आम्ही पोरं ओरडत असू. गाडी निघून गेली की पुढं कितीतरी महिने काही नाही. तिचं येणं आमच्या हातात नव्हतं, बघितलेलं परत बघायची सोय नव्हती, आणि काही विचारायला तिथं कुणी नसायचं. पेटीबद्दलची माझी कळकळ तिथनं आली असणार.

पुण्याच्या बालचित्रवाणीचंही नाव घ्यायला हवं. १९८४ साली सुरू झालेली राज्याची ही संस्था शाळांसाठी मराठीत कार्यक्रम करायची आणि ते दूरदर्शनवर लागायचे. आमच्याकडं डोंगरामुळं चित्रात मुंग्या जास्त. शिवाय कार्यक्रमाची वेळ आणि विजेची वेळ कधी जुळायची नाही. ठरल्या वेळी लागणारा कार्यक्रम आणि आपल्याला हव्या त्या वेळी, हवा तितका थांबवून दाखवता येणारी फिल्म, यांत किती अंतर आहे ते आम्हाला तेव्हा कळलं. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली याचं मला फार वाईट वाटलं. मराठी मुलांसाठी मराठीत फिल्म करणारी सरकारी जागा सहज उभी राहत नाही.

विजेचं सांगितल्याशिवाय माणमधल्या त्या वर्षांचं काहीच खरं वाटणार नाही. भारनियमन जबरदस्त होतं. शाळेच्या वेळात लाईट म्हणजे नशीब. शनिवारची सकाळची शाळा आम्हाला सापडली, कारण सकाळी सातच्या सुमाराला बऱ्याचदा वीज असायची. एका शाळेत पालकांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर जोडून दिला. दुसऱ्या शाळेचा डीव्हीडी प्लेअर दक्षिणेतून आला. आमच्या भागातली, आणि त्याहून जास्त खानापूर-आटपाडीकडची माणसं, गलाई व्यवसायात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम करत ती देशभर पसरली आहेत. त्यातले एक दादा दिवाळीला गावी आले, शाळेत डोकावले, पेटीची हकिगत ऐकून घेतली, आणि पुढच्या खेपेला प्लेअर घेऊनच आले. "माझं पोरगं तिकडं इंग्रजी शाळेत हे सगळं बघतंय," म्हणाले, "भावाच्या पोरांनी का बघू नये?"

सीड्या फिरायच्या कशा? कधी गटसंमेलनाला येणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीतून, कधी दुधाच्या गाडीतून, कधी एसटीच्या कंडक्टरकडं देऊन. व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास मावतं, म्हणून मोठा सिनेमा दोन-तीन तबकड्यांत यायचा. पहिली तबकडी एका शाळेत आणि दुसरी आधीच्या शाळेच्या प्लेअरमध्ये अडकलेली, असं व्हायचं. मग पोरं आठवडाभर पुढची गोष्ट आपल्या मनानं रचायची. सीडी पुसायची ती मधून कडेकडं, सरळ रेषेत, मऊ फडक्यानं. गोल गोल पुसली की ओरखडा खाचेच्या दिशेनं जातो आणि चित्र अडकतं. हे आम्ही पेटीच्या झाकणाला आतून लिहून चिकटवलं होतं.

झाकणाला अजून एक नियम चिकटवला होता, आणि पेटीचा जीव त्यात होता. सीडी परत करताना सोबतची वही भरून द्यायची. कुणाकडं किती तारखेला गेली हे निराळ्या रजिस्टरमध्ये. या वहीत फक्त मुलांचे प्रश्न, मुलांच्या शब्दांत, आणि खाली शिक्षकाची दोन ओळींची सूचना. सुरुवातीला काही जणांनी ‘मुलांना फिल्म आवडली’ एवढंच लिहून वही परत केली. ती वही केंद्रप्रमुखांनी न बोलता परत पाठवली. पुढच्या खेपेला प्रश्न आले.

समुद्रावरची एक फिल्म होती. माणमध्ये ५०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, त्यातही त्याची खात्री नाही. बहुतेक मुलांनी साठलेलं पाणी बघितलं ते पाझर तलावात, नाही तर फार तर राजेवाडीच्या तलावात. नदीकाठच्या शाळेतल्या मुलांनी विचारलं, मासे किती खोल जातात. शिंगणापूरकडच्या डोंगरातल्या शाळेनं विचारलं, एवढं पाणी कुणी अडवलंय? आणि मेंढपाळांच्या वस्तीवरच्या एका मुलानं विचारलं होतं, खारं असंल तर मेंढरं काय पितात तिथली? एका फिल्मला तीन गावांतून आलेले हे प्रश्न चौथ्या शाळेतल्या शिक्षकाच्या हातात फिल्मच्या आधी पडायचे. तो तयारी करून वर्गात उभा राहायचा. मी स्वतः वही आधी वाचून मगच सीडी लावायला शिकले. दुसऱ्याच्या वर्गात काय घडलं हे कळायची दुसरी कुठलीच सोय द्विशिक्षकी शाळेच्या मास्तराला नसते. दिवसभर आपल्या वर्गांपुढं तो एकटाच असतो, आणि सोबतचा मास्तर रजेवर किंवा मीटिंगला गेला की चार वर्ग त्याच्या एकट्याच्या गळ्यात.

सूचनाही तितक्याच मोलाच्या होत्या. निवेदन फार भरभर आणि पुस्तकी आहे, आवाज बंद करून स्वतः सांगा. नवव्या मिनिटाला थांबवा, तिथं मुलं नक्की काहीतरी बोलतात. पहिलीला दाखवू नका, दृश्य भीतिदायक आहे. पहिलीसाठी सर्वांत चांगली ठरली ती बोलणं जवळजवळ नसलेली फिल्म. आल्बेर लामोरिस यांची १९५६ ची ‘लाल फुगा’ एका फिल्म सोसायटीच्या कार्यकर्त्यानं आम्हाला भेट दिली होती. चौतीस मिनिटांची. पॅरिसच्या गल्ल्यांतून एका पोराच्या मागं फुगा हिंडतो. आमच्याकडं पहिलीत येणारी पुष्कळ मुलं घरची बोली घेऊन येतात, पुस्तकातली मराठी त्यांना नवी असते. त्या चौतीस मिनिटांत भाषेचा डोंगरच मध्ये नव्हता. फिल्म संपल्यावर वर्षभर न बोललेली मुलंसुद्धा बोलली, आणि स्वतःच्या बोलीत बोलली.

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते मेंढरांच्या फिल्मबद्दल. लोकर कशी तयार होते यावर एक परदेशी फिल्म होती. प्रचंड कळप, यंत्रानं कातरणं, एकेका मेंढीला दोन-तीन मिनिटं. वस्तीवरची पोरं आधी खूप हसली, मग अस्वस्थ झाली. एकानं विचारलं, "बाई, ह्यांच्यात मेंढरास्नी नावं न्हाईत व्हय?" दुसरा म्हणाला, "आमचा आबा कातरीनं कातरतो, मेंढराला लागू देत न्हाई." मग सगळी एकदम बोलायला लागली: कातरायच्या आधी मेंढरं धुवायला कुठं नेतात, काळी लोकर वेगळी का ठेवतात. माझ्याजवळ त्यातलं काहीच नव्हतं. पुस्तकात नव्हतं, पेटीत नव्हतं. वहीत मी लिहिलं: या विषयावर आपल्याकडची फिल्म हवी.

पुढच्या गटसंमेलनात म्हसवडकडच्या एका गुरुजींनी ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, "आपण काढू की." तोपर्यंत कॅमेऱ्याचे मोबाईल आले होते. म्हसवड घोंगड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. मेंढपाळांची लोकर आणि सनगरांचा माग यांचं नातं तिथं पिढ्यांचं आहे. आम्ही चित्रीकरण तीन जागी केलं आणि प्रश्न विचारणारी सगळी मुलंच होती. कातरणं वस्तीवर. पिंजणं आणि चरख्यावर सूत काढणं एका घराच्या सोप्यात, तिथल्या आजींनी मुलींच्या हातात चरखा दिला. ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ देणं उन्हात, आणि विणणं खड्ड्यातल्या मागावर. खळ देताना ते काका म्हणाले की चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे, ही खळ सूत कडक करते आणि मागावर तुटू देत नाही. पाचवीतल्या मुलीनं विचारलं, मग पावसात घोंगडं खळ सोडतं का? काका जरा थांबले. म्हणाले, "पयल्या धुण्यात सोडतं. मग ते मऊ पडतं. त्येवढंच इचारायचं राहिलं हुतं बघ माणसांचं."

चित्र हलणारं, आवाज कुठं मोठा कुठं बारीक, मध्येच कुत्रं भुंकलेलं. अठरा-वीस मिनिटांची ती फिल्म आमच्या पेटीत गेली आणि वर्षभर पेटीत बसायला तिला सवड मिळाली नाही. शेजारच्या केंद्रांनी मागितली. आटपाडी तालुक्यातल्या माझ्या माहेरकडच्या शाळांनी मागितली. ही आमचीच होती, त्यामुळं नक्कल द्यायला हरकत नव्हती, अट एकच, वही भरून परत पाठवा. जिल्ह्याची हद्द त्या वहीनं ओलांडली. सातारा-सांगलीच्या सीमेवरची गावं एकाच माणदेशातली, पण दोन जिल्हा परिषदांमुळं तिथले शिक्षक एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते.

आपल्या मातीतले दोन सिनेमेही पेटीत होते आणि वरच्या वर्गांना आम्ही ते दाखवायचो. एक ‘दो आँखें बारह हाथ’. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा सिनेमा, कथा माडगूळच्या गदिमांची. त्यामागं आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा प्रयोग आहे. औंध संस्थानात १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत तिथं उभी राहिली. मुलांना हे आधी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही की हिंदी सिनेमातली गोष्ट आपल्या शेजारच्या तालुक्यात घडली असेल. माझं गाव तिथून जवळ, म्हणून मी सिनेमानंतर वसाहतीबद्दल सांगायची.

दुसरा ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या कादंबरीवरून अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये केलेला. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा रुजवतो, गावाला जमवून तालीम बांधतो, आणि मग दुष्काळ येऊन वाडी पांगते. आम्ही तो दाखवला त्या वर्षी, २०१२-१३ मध्ये, आमच्याकडंही दुष्काळ होता. जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. म्हसवडला हजारो जनावरं बांधलेली, माणसंही तिथंच मुक्कामाला. पालकांमध्ये चर्चा झाली की हा सिनेमा आत्ता दाखवावा का. एक आजोबा म्हणाले, "दावा. आमी भोगलंय, पोरांनी बघितलं तर काय बिघडतंय?" शेवटी मुलांचा प्रश्न एकच: "ती माणसं माघारी आली का?" त्याचं उत्तर कादंबरीत नाही. आम्ही तो प्रश्न मुलांबरोबर घरी पाठवला. १९७२ च्या दुष्काळात कोण कुठं गेलं, कधी परतलं, सुकडी कशी लागायची, खडी फोडायला किती मजुरी मिळायची. पोरांनी आजी-आजोबांना मोबाईलवर बोलतं केलं. त्या मुलाखती म्हणजे पेटीतली आमची दुसरी घरची फिल्म.

छावणीत आई-बापाबरोबर गेलेली मुलं शाळेतून तुटत होती. म्हणून काही शिक्षकांनी पेटी तिथं नेली. रात्री धारा झाल्या की चादरीचा पडदा, उसना प्रोजेक्टर. मोठी माणसं मागं बसायची, शेणाचे हात धुऊन.

पुढं २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत आमच्या तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं आणि भांडवली दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत. त्या कामाची शिकवणी गावांना देताना फिल्मचा केवढा वापर झाला हे सगळ्यांनी बघितलं. माथ्यापासून पायथ्याकडं पाणी कसं अडवायचं, सलग समतल चर कसा आखायचा. शाळेच्या भिंतीवर मुलांबरोबर फिल्म बघायची सवय असलेल्या बायका तिथं बिचकल्या नाहीत. प्रश्न विचारायच्या त्या.

२०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, लोकवर्गणीतून डिजिटल शाळा झाल्या. आमच्या अकराही शाळांत प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आला. गावांनी त्यासाठी पैसे कसे गोळा केले ते मी पाहिलं आहे, आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आले, दीक्षा ॲप आलं. प्रत्येक शाळेकडं सगळं झालं. मग कुणाला कुणाकडं काही मागायला जायची गरज उरली नाही आणि पेटी केंद्रशाळेच्या कपाटावर चढली. वही थांबली. फिल्म पूर्वीपेक्षा जास्त दाखवल्या जात होत्या, एकामागून एक, पण कुठल्या मुलानं काय विचारलं हे पुढच्या शाळेला कळेनासं झालं. गटसंमेलनात लिंका पाठवायचो आम्ही. तीस जणांच्या मोबाईलवर तीसएक लिंका, आणि त्यातली एकही परत यायची नाही. मला हे नुकसान मोठं वाटतं. उसनं नेलेलं परत करावं लागतं, आणि परत करताना माणूस दोन शब्द सांगतो. आमच्या केंद्रात शिक्षक एकमेकांकडून जे शिकले ते त्या दोन शब्दांतून.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा वस्त्यांवर रेंज नव्हती. ऑनलाईन वर्ग तिथं चालणार नव्हता. आम्ही मेमरी कार्ड काढली. परवानगीच्या फिल्म, घोंगडीची, अरविंद गुप्तांच्या, काही शिक्षकांनी स्वतः घेतलेले पाठ, सगळं कार्डात भरून घरोघर दिलं. मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेल्या एका कुटुंबाच्या साध्या फोनमध्येही एक कार्ड होतं. कार्ड आणि सोबत चाळीस पानी वही, पुन्हा तोच नियम. ते कुटुंब पावसाच्या तोंडाला परतलं. वहीत मुलीनं प्रश्न थोडेच लिहिले होते. पण वाटेत मुक्कामाला भेटलेल्या दुसऱ्या वाड्यांतल्या पोरांना तिनं फिल्म दाखवल्या होत्या आणि त्यांची नावं इयत्तेसह उतरवून आणली होती. त्यातली दोन मुलं कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हती. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला ती नावं कळवून आम्ही त्यांना जवळच्या शाळेत दाखल करून घेतलं.

आता मी त्याच तालुक्यात दुसऱ्या केंद्रात आहे. इथं पेटीऐवजी एक हार्ड डिस्क आहे, केंद्रशाळेच्या कपाटात, आणि तिच्याबरोबर वही. डिस्क इंटरनेटला जोडायची नाही असं आम्ही ठरवलं आहे, म्हणजे न्यायला यावं लागतं. तरुण शिक्षक सुरुवातीला विचारतात, "मॅडम, लिंक टाका ना, एवढं चालत कशाला?" मी त्यांना जुन्या वह्यांतल्या चार-दोन वाचायला देते. ज्यांनी वाचल्या त्यांच्यातले बहुतेक नंतर स्वतःहून आले. एक शाळा एक मत हाही नियम ठेवला आहे. गेल्या बैठकीत सर्वांत लहान शाळेचा प्रस्ताव मंजूर झाला: गलाईच्या कामावर फिल्म. कोणत्या गावची माणसं कुठं गेली, मातीच्या मुशीत सोनं कसं वितळवतात, ॲसिडच्या धुराचा छातीला त्रास होतो का, तिकडं कोणती भाषा बोलावी लागते, बायका-पोरं बरोबर नेतात की गावी ठेवतात. सहावी-सातवीच्या मुलांनी प्रश्नांची यादी केली आहे. त्यात एका मुलाचा प्रश्न आहे, "पप्पा, तुम्ही मला तिकडं का नेत नाही?" तो काढायचा का, यावर शिक्षकांत बोलणं झालं. मुलानंच सांगितलं, राहू द्या. दिवाळीला माणसं गावी आली की चित्रीकरण सुरू करायचं आहे, आणि माझ्या माहेरच्या तालुक्यातल्या दोन शाळाही त्यात येणार आहेत.